खटल्याआधी ज्युरीची चाचपणी: कधी करायची, कशी करायची आणि कुठे चुकते

"खटला तीन आठवड्यांवर आलाय. एक मॉक ट्रायल उरकून घेऊ, म्हणजे जिंकतोय का ते कळेल."

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात दिवाणी खटल्यांच्या तयारीचं काम करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याला पुरतं बोलूही देत नाही. मॉक ट्रायल म्हणजे जमवलेल्या सामान्य माणसांपुढे दोन्ही बाजू मांडून घेतलेली खटल्याची रंगीत तालीम. खरा निकाल ज्युरी, म्हणजे नागरिकांचा गट, देते. त्या वाक्यात दोन चुका आहेत. तीन आठवडे उरल्यावर पुराव्यात काही भर घालता येत नाही. आणि वीस-पंचवीस माणसांना विचारून 'जिंकतोय का' हे कधीच कळत नाही. कळतं ते वेगळं. दीड-दोन वर्षं तीच फाइल चाळून आपली नजर मेलेली असते. जो माणूस ती गोष्ट पहिल्यांदा ऐकतो, तो नेमका कुठे अडतो हे अशा चाचपणीत दिसतं.

हा लेख अमेरिकेत नव्याने वकिली करणाऱ्यांसाठी आणि पुण्यात बसून अमेरिकन फर्मचं काम करणाऱ्यांसाठी आहे. इथे धंदा करताना ज्यांच्यावर दावा लागलाय, त्यांनीही वाचावा. नियम मी मुख्यतः न्यू जर्सीचे सांगतोय. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम आधी बघा.

सोयीसाठी एक काल्पनिक दावा धरू. मिडलसेक्स काउंटीतल्या एका किराणा दुकानात फ्रीझरखालून पाणी आलं, ५८ वर्षांची गिऱ्हाईक बाई घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आपण वादीकडून, म्हणजे त्या बाईच्या बाजूने आहोत.

१. आधी प्रश्न लिहा, मग हॉल शोधा

कोऱ्या कागदावर दोन याद्या करा. पहिलीत आपल्या दाव्यातल्या दुखऱ्या जागा लिहा. बाईंच्या पायात सपाता होत्या. पडल्यावर त्या स्वतः गाडी चालवत घरी गेल्या. डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशी गेल्या. दुसऱ्या यादीत या चाचपणीनंतर जे निर्णय बदलू शकतात ते लिहा. दुकानातल्या कोणत्या कर्मचाऱ्याचा जबाब घ्यायचा? फरशीचा तज्ज्ञ लागेल का? तडजोडीची बोलणी आता करायची की थांबायचं?

दुसरी यादी रिकामी राहिली तर चाचपणीवर पैसे घालू नका. उत्तर काहीही आलं तरी तुम्ही तेच करणार असाल, तर विचारायचं कशाला?

यादी करताना अशिलाला बरोबर घ्या, पण त्याच्या मनातली दुखरी जागा आणि लोकांना खटकणारी जागा एकच असेल असं धरून चालू नका. बाईंना सपातांची लाज वाटत असते, आणि सहभागी लोक सपातांचा उल्लेखही न करता विचारतात, "त्या रोज त्याच दुकानात जायच्या ना? मग तिथे पाणी साचतं हे त्यांना ठाऊक नव्हतं?"

२. कॅलेंडर उलटं मोजा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. न्यू जर्सीत अशा इजेच्या दाव्याला साधारणपणे ट्रॅक दोन (दाव्यांच्या वर्गवारीतला दुसरा वर्ग) लागतो आणि डिस्कव्हरीसाठी, म्हणजे खटल्याआधी एकमेकांकडून पुरावे मागवण्यासाठी, ३०० दिवस मिळतात. मुदत वाढवून घेता येते, पण तिच्या भरवशावर आखणी करू नका. कागदपत्रं मागवणं, डिपॉझिशन (कोर्टाबाहेर शपथेवर नोंदवलेला जबाब) घेणं, तज्ज्ञांचे अहवाल देणं हे सगळं त्या मुदतीत बसवायचं असतं. संघीय, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात न्यायाधीशांनी वेगळी तारीख दिली नसेल, तर साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांची माहिती खटल्याच्या किमान ९० दिवस आधी द्यावी लागते.

म्हणून चाचपणी दोन फेऱ्यांत करा.

पहिली फेरी डिस्कव्हरीच्या मध्यावर. ही छोटी असते, आठ-दहा माणसांचा एकच गट. बाजू मांडायच्या नाहीत, घटना थोडी थोडी उलगडत जायची आणि प्रत्येक टप्प्यावर विचारायचं: "आणखी काय माहीत हवंय?" आपल्या उदाहरणात लोक हमखास विचारतील की फ्रीझर शेवटचा कधी दुरुस्त केला, त्या सकाळी फरशी कोणी पुसली, कॅमेऱ्यातलं चित्रण कुठे आहे. यातला प्रत्येक प्रश्न दुरुस्तीच्या नोंदी मागवायला किंवा सकाळच्या पाळीतल्या कर्मचाऱ्याचा जबाब घ्यायला कारण पुरवतो. मुदत संपल्यावर हेच प्रश्न समजले तर डोक्याला हात लावण्यापलीकडे काही करता येत नाही.

दुसरी फेरी मुख्य डिपॉझिशन झाल्यावर, खटल्याच्या दोन-तीन महिने आधी. हिलाच मॉक ट्रायल म्हणतात.

तपासा: पहिल्या फेरीची तारीख आणि डिस्कव्हरी संपायची तारीख यांत निदान तीन महिन्यांचं अंतर आहे ना? नसेल तर फेरी आधी घ्या.

३. गुप्तता आधी बांधून घ्या

खटल्याच्या तयारीसाठी वकिलाने केलेलं काम समोरच्याला सहसा मागता येत नाही. अशी चाचपणी करून देणाऱ्या ज्युरी सल्लागाराच्या कामालाही हे संरक्षण मिळू शकतं. संघीय तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये सेंडंट खटल्यात ज्युरी सल्लागाराच्या सल्ल्याला ते दिलं. (तो सल्लागार पुढे टीव्हीवर गाजलेला डॉक्टर फिल होता.) पण हे संरक्षण आपण होऊन घालवणारेही असतात. त्यामुळे:

- सल्लागाराला नेमणूकपत्र वकिलाने द्यावं, अशिलाने नाही.
- प्रत्येक सहभागीकडून आत येण्यापूर्वी गुप्ततेच्या करारावर सही घ्या. फोन बाहेर जमा करा.
- कोर्टाच्या आदेशाने बंद असलेली कागदपत्रं दाखवू नका. वैद्यकीय कागदांवरचं नाव, जन्मतारीख, पत्ता झाका.
- कोर्टात साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाला हे बघायला बसवू नका आणि निष्कर्षही पाठवू नका. त्याने काय काय विचारात घेतलं हे उलटतपासणीत निघू शकतं.

सावधान: आपल्या लोकांत एक हौस फार आहे. दावा लागला की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "तुम्हाला काय वाटतं, चूक कुणाची?" असं टाकायचं. शंभर माणसं उत्तरं देतात आणि त्यातलं एकही उत्तर गुप्त राहत नाही. अशिलाने लिहिलेला प्रत्येक शब्द समोरचा वकील मागवू शकतो. पहिल्याच भेटीत अशिलाला हे बजावा आणि लेखी द्या.

४. माणसं गोळा करणं

न्यू जर्सीत ज्युरीची यादी मतदार, वाहनचालक परवानाधारक, राज्याचा आयकर भरणारे आणि घरपट्टीतल्या सवलतीचे अर्जदार यांच्या नोंदींतून बनते. ज्युरर, म्हणजे ज्युरीत बसणारा माणूस, अमेरिकेचा नागरिक, १८ वर्षांवरचा, त्याच काउंटीतला रहिवासी आणि इंग्रजी वाचता-समजता येणारा असावा लागतो.

म्हणजेच एडिसनमधले तुमचे एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवाले मित्र कितीही हुशार असले तरी या कामाचे नाहीत. ते कधी ज्युरीत बसणारच नाहीत. ओळखीतली नागरिक माणसंही नकोत, कारण ती तुमचं मन राखून बोलतात.

माणसं जमवणाऱ्या कंपनीला लेखी अटी द्या: काउंटी हीच, वयाची आणि शिक्षणाची सरमिसळ तिथल्या वस्तीसारखी, नोकरी करणारे आणि निवृत्त दोन्ही. कंपनीला आणि सहभागींना आपण कोणत्या बाजूचे हे सांगू नका. गाळणीचे प्रश्न असे ठेवा:

- या काउंटीच्या ज्युरीसाठी सध्या बोलावणं आलंय का? आलं असेल तर तो माणूस बाद. खऱ्या ज्युरीत बसू शकणाऱ्याला आधीच प्रकरण ऐकवणं हा साधा निष्काळजीपणा नाही, त्यातून गंभीर कायदेशीर भानगड उभी राहते.
- पक्षकार, वकील, साक्षीदार, ते दुकान यांच्याशी ओळख आहे का?
- स्वतः किंवा घरातलं कुणी वकिलीत किंवा विम्याच्या दाव्यांच्या कामात आहे का? खऱ्या ज्युरीत अशी माणसं येऊ शकतात, पण इथे त्यांच्यामार्फत बातमी फुटायचा धोका असतो आणि बाकीचे त्यांच्याच मागे जातात.

किती माणसं लागतील? एका टेबलावर तिथल्या ज्युरीइतकी बसवा. न्यू जर्सीत दिवाणी ज्युरी सहसा सहा जणांची असते आणि सहापैकी पाच जणांचं एकमत पुरतं. कॅलिफोर्नियात बारा जण आणि नऊ मतं. संघीय दिवाणी खटल्यात सहा ते बारा जण, आणि पक्षकारांनी वेगळं मान्य केलं नसेल तर सगळ्यांचं एकमत. सहा जणांच्या टेबलावर एक हट्टी माणूस एकटा पडतो आणि पाच जण त्याला ओलांडून पुढे जातात. संघीय कोर्टात तोच माणूस सगळ्यांना अडवून धरतो. त्यामुळे बारा जणांचं टेबल लावून न्यू जर्सीच्या दाव्याचा अंदाज बांधू नका.

तीन टेबलं म्हणजे अठरा माणसं. बोलावताना एकवीस-बावीस बोलवा, कारण ऐनवेळी काही जण येत नाहीतच.

५. दोन्ही बाजूंची मांडणी

इथे थोडं रेंगाळतो, कारण सगळा दिवस इथेच फुकट जातो.

एका मॉक ट्रायलमध्ये आमच्या बाजूने मोठे वकील बोलले, ३५ मिनिटं, पडद्यावर फोटो, आवाजात चढउतार. प्रतिवादीची बाजू एका नवख्या मुलाने कागदावरून ११ मिनिटांत वाचली. तिन्ही टेबलं आमच्या बाजूने. सगळे खुश. नंतर फॉर्म वाचताना एका बाईने लिहिलेलं सापडलं: "दुसऱ्या वकिलांना बरं नव्हतं का?" त्या दिवसाचा सगळा खर्च पाण्यात.

म्हणून ऑफिसातला सगळ्यात चांगला बोलणारा माणूस विरुद्ध बाजूला द्या. त्याला आठवडाभर आधी फाइल द्या आणि सांगा की हरवून दाखव. दोघांना वेळ सारखा, मिनिटं मोजून. फोटो, नकाशे, जबाबाच्या चित्रफिती दोन्हीकडे सारख्याच दर्जाच्या.

भारतात वकिली करून आलेल्यांना आणखी एक सवय सोडावी लागते. आपल्याकडे फौजदारी खटल्यांतली ज्युरी १९७३ च्या दंड प्रक्रिया संहितेनंतर उरली नाही, त्यामुळे मांडणी न्यायाधीशांसाठी करायची: कलम, निवाडा, मग घटना. ज्युरीपुढे हा क्रम उलटा करावा लागतो. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांच्या संशोधनातून दिसलं की ज्युरर सुटे पुरावे तराजूत टाकून तोलत बसत नाहीत. त्या पुराव्यांची ते मनात एक गोष्ट रचतात आणि मग ती कोणत्या निकालात बसते ते पाहतात. तुम्ही गोष्ट दिली नाहीत तर ते आपली आपण रचतात, आणि ती तुमच्या सोयीची असेलच असं नाही.

मांडणीत या गोष्टी कोर्टासारख्याच हव्यात:

ज्युरीला द्यायच्या कायदेशीर सूचना. न्यू जर्सीत दिवाणी खटल्यांच्या नमुना सूचना जाहीर उपलब्ध आहेत, त्यांतल्या तुमच्या दाव्याच्या शब्दशः वाचा. निकालाचा फॉर्मही खरा हवा, दोषाच्या टक्केवारीसह. वादीचा दोष प्रतिवादीपेक्षा जास्त ठरला तर न्यू जर्सीत वादीला काहीच मिळत नाही. त्यामुळे टक्केवारीचा तो रकाना या दाव्याचा कणा आहे.

रक्कम. न्यू जर्सीत वेदनेच्या भरपाईसाठी वकिलाला ज्युरीपुढे ठरावीक आकडा मागता येत नाही. 'दिवसाला किती, वर्षाला किती याचा विचार करा' असं वेळेच्या हिशेबाने सुचवता येतं, पण आकडा न घेता. मॉक ट्रायलमध्ये "वीस लाख डॉलर द्या" असं बोललात की पुढची सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरते आणि कोर्टात तो आकडा तुमच्या तोंडी नसतो.

वादग्रस्त पुरावा. एखादा फोटो किंवा जुना अपघात कोर्ट आत घेईल की नाही याची खात्री नसेल, तर एका टेबलाला तो दाखवा आणि दुसऱ्याला दाखवू नका. त्यासाठी मांडणी वेगवेगळ्या खोल्यांत करावी लागते. खर्च वाढतो, पण त्या एका पुराव्यावर तडजोडीची रक्कम अडली असेल तर तो करावा.

तपासा: दोन्ही भाषणं अशा माणसाला वाचायला द्या ज्याला आपली बाजू माहीत नाही. आपण कोण ते त्याला ओळखता आलं, तर विरुद्ध बाजूचं भाषण पुन्हा लिहा.

६. प्रत्यक्ष दिवस

क्रम मोडू नका:

१) सही, ओळखीचा फॉर्म, चित्रीकरणाची लेखी संमती.
२) दोन मिनिटांचं तटस्थ निवेदन आणि लगेच पहिला फॉर्म: आत्ता कल कुणीकडे?
३) वादीची बाजू, फॉर्म.
४) प्रतिवादीची बाजू, फॉर्म.
५) कायदेशीर सूचना, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र निकाल लेखी.
६) टेबलावरची चर्चा, निदान एक तास. खोलीत आपलं कुणी नाही, फक्त कॅमेरा.
७) शेवटी सूत्रधाराबरोबर मोकळ्या गप्पा.

पाचवी पायरी गाळण्याचा मोह फार होतो, कारण तोवर जेवणाची वेळ झालेली असते. गाळू नका. एकदा माणसं आपसात बोलली की आधी कुणाचं काय मत होतं ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही. लेखी मत हातात असलं तरच चर्चेत कोण कशामुळे हललं ते सापडतं, आणि या सगळ्या खटाटोपातली मोलाची चीज तीच.

सूत्रधार या दाव्यावर काम न करणारा हवा. "पाणी दिसत होतं हे तुम्हाला पटलं नाही का?" असा प्रश्न विचारणारा नको. "पाण्याबद्दल काय वाटलं?" एवढंच.

सावधान: वकील आणि अशील दुसऱ्या खोलीत पडद्यावर बघतात. लोक आपल्याविरुद्ध बोलू लागले की कुणीतरी उठून "पण तो फोटो तुम्ही नीट पाहिला नाहीत!" असं सांगायला निघतो. दार आतून लावून घ्या. मी हे गमतीने लिहीत नाहीये.

चर्चेत विम्याचा विषय निघणारच: "दुकानाचा विमा असेल ना, पैसे तोच देईल." दोष सिद्ध करायला विम्याचा पुरावा कोर्टात चालत नाही, पण खऱ्या ज्युरीच्या खोलीतही हा विचार येतो. इथे चर्चा थांबवू नका, कोण कशासाठी बोललं ते टिपा.

खर्च झेपत नसेल तर एका संध्याकाळी एकच टेबल घ्या, पण क्रम हाच ठेवा. ऑनलाइन करणार असाल तर कागदपत्रं पडद्यावर दाखवा, पाठवू नका. पलीकडे कुणी पडद्याचा फोटो घेतला तर अडवता येत नाही, म्हणून संवेदनशील कागद ऑनलाइन नकोतच.

७. निकाल मोजू नका, बोलणं वाचा

दुसऱ्या दिवशी अशिलाचा पहिला प्रश्न: "किती टेबलं आपली?" उत्तर द्या आणि लगेच सांगा की याचा अर्थ लावायचा नाही. तीन टेबलं म्हणजे तीन वेळा उडवलेलं नाणं. रकमेचंही तसंच. एका टेबलाने ४०,००० आणि दुसऱ्याने ९,००,००० डॉलर लिहिले तर त्यांची सरासरी काढून तडजोडीला जाऊ नका. ४०,००० वर थांबलेल्यांनी काय धरलं होतं ते शोधा. कदाचित त्यांना वाटलं की बाई सहा महिन्यांत बऱ्या झाल्या, कारण पुढच्या उपचारांबद्दल कुणी बोललंच नाही.

चर्चेचं शब्दशः टंकलेखन करून घ्या आणि चार रकान्यांचा तक्ता करा: लोकांनी काय विचारलं, कोणत्या टेबलावर, त्याचं उत्तर आपल्या पुराव्यात आहे का, नसेल तर कुठून आणायचं. हे काम पुण्यातली टीम उत्तम करते, फक्त त्यांना एक सूचना द्या: सारांश करू नका, माणूस बोलला तसंच ठेवा. "दुकानदाराची जबाबदारी" असा सारांश काही सांगत नाही. "माझ्या दुकानात असं झालं असतं तर मी बादली ठेवली असती" हे वाक्य समारोपाच्या भाषणाची दिशा ठरवतं.

आपल्या बाजूने मत देणाऱ्यांनी दुसऱ्यांची समजूत कशी घातली तेही बघा. बाईंनी स्वतः गाडी चालवली, या मुद्द्यावर आपण तीन पानं खर्च केलेली असतात. आणि टेबलावरची एक आजी एका वाक्यात तो संपवते: "लाजेनं माणूस आधी घर गाठतो, दुखणं मग कळतं."

सावधान: अठरा माणसांवरून "पन्नाशीच्या बायका आपल्याला वाईट" असले निष्कर्ष काढू नका. संख्या तेवढी नसते, आणि असल्या निष्कर्षावर ज्युरर वगळणं बेकायदा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बॅट्सन निवाड्याने १९८६ मध्ये वंशावरून वगळायला मनाई केली, १९९१ मध्ये ती दिवाणी खटल्यांना लागू झाली आणि १९९४ मध्ये लिंगावरून वगळायलाही मनाई झाली. शोध अनुभवाचा आणि मताचा घ्या: याआधी कुणी दुकानात पडलंय का, दावे लावणाऱ्यांबद्दल काय वाटतं, स्वतःचा धंदा आहे का.

मांडणीत मोठा बदल केलात तर तो नव्या माणसांवर तपासा. जुन्यांना परत बोलावू नका. त्यांना गोष्ट माहीत झालेली असते.

८. खऱ्या ज्युरीसमोर वापर

तक्त्यातून ज्युरी निवडीसाठी प्रश्न काढा आणि न्यायाधीशांकडे वेळेत द्या. न्यू जर्सीत ठरलेले प्रश्न असतातच, त्यांत तुमच्या दाव्याचे दोन-चार घालून मागता येतात. दहा मागितलेत तर महत्त्वाचे दोनही गळतील. 'हो-नाही'चे प्रश्न नकोत. "दुकानात पडून दावा लावलेल्या कुणाबद्दल ऐकलंय का? तेव्हा काय वाटलं?" असं विचारलं की माणूस बोलतो.

ज्युररची ऑनलाइन माहिती बघायची तर सगळ्यांना उघडं आहे तेवढंच बघा. अमेरिकन बार असोसिएशन या वकील संघटनेच्या २०१४ च्या मतानुसार उघडी पानं बघायला हरकत नाही, पण फ्रेंड रिक्वेस्ट पाठवणं म्हणजे ज्युररशी संपर्क साधणं. स्वतः नाही आणि दुसऱ्या कुणामार्फतही नाही. लिंक्डइनवर तुमचं नाव समोरच्याला दिसू शकतं. त्याबद्दल न्यू यॉर्क शहराच्या वकील संघटनेचं मत जास्त कडक आहे, म्हणून लॉगआउट करूनच बघा. न्यू जर्सीत निवडीच्या वेळी कोर्टात बसून इंटरनेट बघायला २०१० च्या एका अपिलातल्या निवाड्याने मोकळीक दिली आहे, तरी न्यायाधीशांना आधी सांगितलेलं बरं.

निकाल लागल्यावर ज्युररना फोन करून "आमचं काय चुकलं?" विचारायची फार इच्छा होते. न्यू जर्सीत कोर्टाच्या परवानगीशिवाय वकिलाला किंवा पक्षकाराला ते करता येत नाही, आणि परवानगीला सबळ कारण लागतं. अशिलालाही निकालाच्या दिवशीच हे सांगा, कारण पार्किंगमध्ये गाठ पडली की तोच आधी बोलायला जातो. मूळ फॉर्म, चित्रीकरण आणि तक्ता फाइलबरोबर ठेवा. अपिलानंतर खटला नव्याने चालवायची वेळ आली, तर ते पुन्हा काढावे लागतात.